पाड्यावरची सुट्टी

(वरळी येथील बीडीडी चाळीत भरलेल्या पालक-विद्यार्थी सभेत केलेले भाषण)



गेल्या महिन्यात सोसायटीच्या फलकावर एक सूचना लागली. येत्या उन्हाळी सुट्टीत डहाणू तालुक्यातील एका वारली पाड्यावर बारा दिवसांचा वर्ग चालवावयाचा आहे, तरी नववीपुढील विद्यार्थ्यांनी पालकांच्या संमतीने नावे द्यावीत, अशी ती सूचना. नावे आली चार. तक्रारी किती आल्या त्या मी मोजल्या नाहीत. एका चाचांनी तर मला जिन्यातच गाठले. ते म्हणाले, "मास्तर, आपलीच पोरे गणितात गटांगळ्या खातात. घरात अंधार, आणि तुम्ही दिवा घेऊन जंगलात कुठे निघालात?"

प्रश्न रास्त आहे. तो टाळून मी सेवाधर्मावर भाषण केले, तर तुम्ही टाळ्या वाजवाल आणि नावे चारच राहतील. म्हणून आज मी जे पाहिले, जे चुकलो आणि जे अजून पुरे झालेले नाही, तेवढेच सांगणार आहे. निर्णय तुम्ही घ्यावा.

सन २०१८ च्या मे महिन्यात मी पहिल्यांदा गेलो. बी.एड.च्या वर्गातील माझा एक सहाध्यायी त्या भागातील एका शाळेवर शिक्षक होता. तो म्हणाला, सुट्टी लागली की मुले पुस्तकाला हात लावीत नाहीत आणि जूनमध्ये अर्धी अक्षरे विसरून येतात. तुझ्या चाळीतील चार पोरे घेऊन ये, बारा दिवस काहीतरी करू. मी आठ जण जमवले. पाच आपल्या जमातीचे, तीन शेजारच्या इमारतींतील बौद्ध मुलगे. विरारला गाडी बदलून डहाणू रोड, तेथून जीप आणि शेवटी तीन किलोमीटर पायी. निघताना आमच्यातील एकाने विनोद केला, "सर, वरळीहून वारलीकडे, एका अक्षराचा प्रवास." मुंबईपासून हे अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे कोकणातील गाव याच्या दुप्पट-तिप्पट दूर आहे.

आम्ही बरोबर काय नेले ते ऐका. तीन गोणी जुने कपडे. तुम्ही सर्वांनीच प्रेमाने दिलेले. त्यात एक शेरवानी होती, लग्नात घालायचे झालरीचे फ्रॉक होते, आणि एकच पाय असलेले बुटांचे जोड तर कितीतरी. पाड्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थाने ती शेरवानी हातात धरून बराच वेळ पाहिली आणि मला विचारले, "हे तू घालतोस का?" मी म्हटले, नाही. "मग मी कशाला घालू?" त्या बोलण्यात राग नव्हता. वारली माणूस कलेक्टरलाही 'तू'च म्हणतो, आणि त्यात अपमान नसतो. पण ते गोणीचे तोंड मी त्याच क्षणी बांधले. आज हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या वरळीच्या चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या, आणि तेव्हापासून खोल्या रिकाम्या करताना निघणारे सामान पाड्यावर पाठवावे अशा सूचना माझ्याकडे येत आहेत. कृपा करून पाठवू नये.

आता वर्गाची गोष्ट. पहिल्या दिवशी मी मुळाक्षरांचा रंगीत तक्ता लावला. अ अननसाचा, इ इमारतीचा, ऐ ऐरणीचा. समोर पंचवीस-तीस मुले, पहिलीपासून सहावीपर्यंतची. मी अननसावर छडी ठेवली आणि विचारले, हे काय? कोणी बोलेना. इमारत? कोणी बोलेना. मी आवाज चढवला. तरी शांतताच. पुढे छडी उखळाच्या चित्रावर आली आणि अख्खा वर्ग एकदम ओरडला. त्यांनी त्यांच्या बोलीतला शब्द सांगितला. मी म्हटले, "चूक. याला उखळ म्हणतात." पुन्हा सगळे गप्प झाले, ते दिवसभर. संध्याकाळी माझ्या वहीत मी काय लिहिले ते प्रामाणिकपणे सांगतो. मी लिहिले, 'मुले अत्यंत मंद. तिसरीतील मुलास बेरीज येत नाही.'

ज्या मुलाविषयी मी हे लिहिले तो दुसऱ्या दिवशी आला नाही. परवा का आला नाहीस म्हणून विचारले तेव्हा कळले की तो करवंदे विकायला रस्त्यावर गेला होता. पानाच्या द्रोणात करवंदे, दहा रुपयांना एक द्रोण. किती विकले? सतरा. पैसे किती आले? एकशे साठ, कारण एका गाडीवाल्याने एक द्रोण फुकट नेला. हा सगळा हिशेब त्याने बोटेही न मोजता सांगितला. त्याला बेरीज येत होती. त्याला माझी मराठी येत नव्हती, आणि मला त्याची.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मला माझी स्वतःची तिसरी आठवली. आपल्या घरात बोलतात ती बोली वेगळी आहे. कुठे कोकणी, कुठे दखनी, आणि शाळेत पुस्तकी मराठी. मी वर्गात उभा राहून 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हणालो तेव्हा बाईंनी तो शब्द माझ्याकडून पाच वेळा म्हणवून घेतला आणि पाचही वेळा वर्ग हसला. त्यानंतर दोन वर्षे मी वर्गात स्वतःहून तोंड उघडले नाही. अम्मीला वाटे, पोरगा फार शांत आहे. आता मीच छडी घेऊन उभा राहिलो आणि तेच केले, बी.एड.ची पदवी घेऊन! मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांना वर्गात उत्तर येत असूनही हात वर करण्याची भीती वाटते, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

माझ्या मित्राने मला तिसऱ्या दिवशी कोसबाडला नेले. पालकहो, दादरचे शिशुविहार तुम्हाला ठाऊक आहे. ते उभारणाऱ्या ताराबाई मोडक. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर १९२६ साली त्यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला होता. शहरातील सुखवस्तू घरांतल्या मुलांसाठी काम करून नाव मिळाल्यावर ही बाई पन्नाशी उलटल्यानंतर, १९४५ साली, समुद्रकाठच्या बोर्डीला आली आणि तेथे तिने ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तिला येऊन मिळाल्या अनुताई वाघ. बालपणीच वैधव्य आलेल्या आणि पुढे जिद्दीने शिकलेल्या. पुढे दोघींनी ते काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत नेले. ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, त्याच कामात राहिल्या.

या दोघींनी काय केले? शाळा उघडली, आणि मुले आली नाहीत. आपण अशा वेळी म्हणतो, या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. त्यांनी मुले कुठे आहेत ते पाहिले. लहान मुले अंगणात होती. तेव्हा बालवाडी अंगणात नेली आणि तिला अंगणवाडी म्हटले. हेच नाव पुढे १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेने देशभर नेले. थोडी मोठी मुले रानात गुरांमागे होती, तेव्हा शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घरी बसत. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या, म्हणजे बहीण वर्गात आणि भाऊ पाळण्यात. तिला विकासवाडी म्हणत. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने ही साधने झाली. मला सर्वांत मोठी वाटते ती त्यांची ही गोष्ट की मूल आले नाही तर दोष आधी शाळेत शोधायचा.

परत आल्यावर आम्ही तक्ता गुंडाळून ठेवला. चिंचोके गोळा केले. मुलांनी आम्हाला झाडे शिकवली. मोह, खैर, ऐन, पळस, काकड. आमच्या आठ जणांपैकी एकालाही पळस आणि साग यांतला फरक सांगता येत नव्हता, हे पाहून पाड्यातील मुले पोट धरून हसली. हसू द्या म्हटले. मग ती नावे आम्ही त्यांच्याच उच्चारात देवनागरीत पाटीवर लिहिली. स्वतःच्या तोंडचा शब्द पाटीवर उमटलेला त्या मुलांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. त्यानंतर त्याच शब्दाशेजारी पुस्तकातला शब्द लिहिला की तो परका वाटेनासा झाला. सरकारनेही २०२० च्या शैक्षणिक धोरणात शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असे म्हटलेले आहे. कागदावर ते छान आहे. पण वारली बोलणारा शिक्षक प्रत्येक पाड्यावर आणणार कोठून?

आम्हाला दुभाषी मिळाली ती सहावी पास झालेली एक मुलगी. बारा वर्षांची, चुणचुणीत. मी सांगितलेली गोष्ट ती आपल्या बोलीत मुलांना सांगे, आणि माझ्या गोष्टीपेक्षा तिची गोष्ट लांब असे! ससा-कासवाच्या शर्यतीत तिने एक भगतही घातला होता. दुपारी आमची मुले तिच्याकडून शिकत, संध्याकाळी ती आमच्याकडून इंग्रजी वाचायला शिके. शिबिराच्या शेवटच्या दिवशी, १५ मे २०१८ रोजी, त्याच तालुक्यातील गंजाड येथे जिव्या सोमा म्हसे यांचे निधन झाल्याची बातमी आली. वारली चित्रे जगभर नेणारे, २०११ साली पद्मश्री मिळालेले हे कलावंत. मूळची ही चित्रे लग्नघरात सवाशिणी काढीत, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. आज ती आपल्या पडद्यांवर आहेत, दुकानांच्या पाट्यांवर आहेत. त्या चित्रांतली माणसे कुठे राहतात ते मात्र आमच्या मुलांना त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते.

निरोप घेताना ती मुलगी म्हणाली, "तू दिवाळीला येशील?" मी म्हटले, "येईन." शहरातला माणूस असे शब्द किती सहज देतो!

दिवाळीत मी गेलो नाही. काही मोठे कारण नव्हते. पेपर तपासायचे होते, घरात एक लग्न होते, बरोबर यायला कोणी तयार नव्हते. पुढच्या मे महिन्यात, २०१९ साली, आम्ही पुन्हा गेलो तेव्हा ती तेथे नव्हती. तिचा धाकटा भाऊ म्हणाला, ती भट्टीवर आहे.

भट्टीवर म्हणजे काय ते समजून घ्या. भाताची कापणी आटोपली की पाड्यावर काम उरत नाही. वसई, भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांचे मुकादम येतात, कुटुंबाला आधी काही रक्कम देतात, तिला उचल म्हणतात. घेतलेली उचल फेडण्यासाठी अख्खे कुटुंब सहा-सात महिने विटा पाडते. विटा नगावर मोजतात, त्यामुळे मुलांचे हातही लागतात. शिमग्याला थोडे दिवस घरी, पुन्हा भट्टी, आणि पाऊस पडायच्या सुमारास परत. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि या मुलांचे दिवाळीनंतर संपते. हे आजचे नाही. लग्नासाठी कर्ज काढून जन्मभर सावकाराच्या घरी राबणाऱ्याला तेथे लग्नगडी म्हणत. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरी येथे हजारो वारली जमले आणि ही वेठ आम्ही करणार नाही असे त्यांनी ठरवले. गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर उभ्या होत्या. त्यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक आपल्या वाचनालयात असावे अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे. लग्नगडी गेला, पण उचल राहिली. गिरणीत गेलेल्या आपल्या आजोबा-वडिलांनी पठाणाचे व्याज पाहिले आहे, त्यांना हे अवघड वाटणार नाही.

भाऊ पुढे म्हणाला, दिवाळीत ती रोज रस्त्यापर्यंत जाऊन बघत होती. मी हे तुम्हाला रडवण्यासाठी सांगत नाही. ती माझ्यामुळे भट्टीवर गेली असेही मी म्हणत नाही. मी आलो असतो तरी ती उचलीमुळे गेलीच असती. पण बारा दिवसांसाठी येणारा माणूस मुलांना काय देतो आणि काय घेऊन जातो, याचा विचार मी पहिल्यांदा तेव्हा केला. शाळेचा तेथील मास्तर वर्षभर कंटाळत का होईना, पण असतो. आम्ही गाणी, खेळ, खाऊ घेऊन येतो, मुलांना लळा लावतो, फोटो काढतो आणि गाडीत बसतो. आमच्यातला एक जण तर केवळ फोटोंसाठीच आला होता. त्याला दुसऱ्या वर्षी मी घेतले नाही.

त्या वर्षी ७ मे रोजी रमजान सुरू झाला. आमच्यातील चौघांचे रोजे होते. पाड्यातील एका म्हातारीने विचारले, हे दिवसभर पाणी पीत नाहीत, कुणाचा नवस आहे? मी जमेल तसे समजावले. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला दारावर थाप पडली. म्हातारी चुलीवर भात गरम करून, सुक्या बोंबलाचे कालवण घेऊन उभी. पुढे दररोज आली. तिच्याकडे घड्याळ नव्हते. एका पालकांनी विचारले होते, तिकडे नमाज कोठे पढणार, खाणार काय? शाळेच्या ओट्यावर पढलो, आणि भात, डाळ, नागलीची भाकरी, सुकी मासळी खाल्ली. पाड्यावर कोणी नाक मुरडले नाही.

पण ती म्हातारी दुसरेही एक बोलली होती, आणि ते मी रोजा असल्यामुळेच नीट ऐकले. ती म्हणाली, "तुम्ही पाणी पीत नाही हे बरे. गेल्या साली फार पाणी लागले." मी चौकशी केली. आमच्या मुक्कामाचे पाणी पाड्यातील बायका पाऊण तास चालून विहिरीवरून आणीत होत्या. पहिल्या वर्षी आमची मुले सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाण्याने आंघोळ करीत होती, आणि हे पाणी येते कोठून असे आठांपैकी एकानेही विचारले नव्हते. मीही नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही कळशा घेऊन बायकांबरोबर गेलो. रोजाच्या तोंडाने, मे महिन्याच्या उन्हात, डोक्यावर पाण्याची कळशी. आमचा दहावीतला एक मुलगा, जो घरी पाण्याचा ग्लाससुद्धा अम्मीकडून मागून घेतो, तो त्या रात्री गप्प बसून होता.

आणि आपल्या नळाला येणारे पाणी तरी कोठून येते? तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा. (मोडकसागरातील मोडक हे अभियंते, ताराबाईंचा संबंध नाही, मुले नेहमी विचारतात.) हे बहुतेक तलाव शहापूर, मोखाडा या आदिवासी मुलखात आहेत. मध्य वैतरणेचे धरण २०१४ साली मोखाडा तालुक्यात पुरे झाले. त्याच मोखाड्यात उन्हाळ्यात पाण्याचे टँकर फिरतात. चाळीत सकाळी पाण्यावरून भांडणे होतात हे मला ठाऊक आहे. मी स्वतः भांडलो आहे. पण चाचांनी विचारलेल्या 'आपले' आणि 'परके' या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर मला त्या विहिरीच्या वाटेवर मिळाले.

आता राहिला घरातल्या अंधाराचा मुद्दा. तो खराच आहे. सच्चर समितीने २००६ साली सांगितले की सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पंचवीस टक्के मुले एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच गळली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती, आणि आदिवासींची ६६ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही ठिकाणी मूल गळण्याची कारणे मला सारखीच दिसली: घरची बोली वेगळी, घरात अभ्यासाला जागा नाही, कमाईला हात हवा, मुलगी मोठी झाली. या चाळीच्या एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत सात माणसांत अभ्यास केलेला मुलगा कुडाच्या घरातील मुलाची अडचण पुण्याच्या बंगल्यातील मुलापेक्षा लवकर ओळखतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. नववीत एकदा नापास झालेला आपला एक मुलगा पाड्यावर अपूर्णांक शिकवीत होता. भाकरी मोडून. शिकवता शिकवता त्याला स्वतःला ते कळले. परतल्यावर माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, हे मला असे कोणी सांगितलेच नव्हते." मी त्याचा गणिताचा शिक्षक नव्हतो, पण मान खाली घातली.

भीतीबद्दलही बोलले पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये याच डहाणू तालुक्यात गडचिंचले येथे चोर आल्याच्या अफवेवरून जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तीन निरपराध माणसांचा जीव घेतला. त्यानंतर पुष्कळ आयांनी मला विचारले, आणि आजही विचारतात. मी त्यांना दोष देत नाही. म्हणूनच आम्ही ग्रामपंचायतीला आधी पत्र देतो, तेथील शिक्षकाबरोबरच पाड्यात पाय ठेवतो, आणि त्याच पाड्यावर जातो जेथे आम्हाला लहान मूलही नावाने ओळखते. दरवर्षी नवे गाव, नवा अनुभव असे सहलीसारखे करीत नाही. पाड्याने नको म्हटले तर जायचे नाही. मुलींसाठी दोन शिक्षिका बरोबर असतात. ज्यांना आपल्या मुलीबरोबर स्वतः यावयाचे असेल त्या आईने अवश्य यावे.

दूर ऑस्ट्रेलियातील एक गोष्ट यावरून आठवते. तेथील मूळ रहिवाशांची मुले सरकार आणि मिशनऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आईबापांपासून काढून नेली, सुधारण्यासाठी म्हणून. त्यांना त्यांची भाषा बोलू दिली नाही. १९९७ साली त्यावर मोठा अहवाल निघाला, आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. आज तेथील शहरांतले तरुण त्या दूरच्या वस्त्यांवर सुट्टीत मुलांचे कार्यक्रम चालवायला जातात. शिकवणाऱ्याचा हेतू चांगला असला की भागते असे नाही, एवढ्यासाठीच मी हे सांगितले.

२०२० आणि २०२१ साली टाळेबंदीमुळे जाता आले नाही. शाळा मोबाईलवर आली असे आपण म्हणत होतो. त्या पाड्यावर मोबाईलला रेंजच नव्हती. २०२२ च्या मे महिन्यात गेलो तेव्हा शाळेच्या ओट्यावर एक सोळा वर्षांची मुलगी बसलेली. मी ओळखले नाही. तिने ओळखले. "तू दिवाळीला आला नाहीस," एवढेच म्हणाली. मग उठून पाट्या वाटायला लागली.

सातवीपासून तिची शाळा सुटली ती सुटलीच होती. माझ्या मित्राने तिच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे बाहेरून दहावीला बसण्याचा. भट्टीवरच तिने पुस्तके नेली. मार्च २०२४ मध्ये भट्टीवरून परीक्षेपुरती येऊन पेपर दिले. गणित आणि इंग्रजी राहिले. त्याच वर्षी पुरवणी परीक्षेत गणित सुटले. २०२५ च्या मार्चमध्ये बसता आले नाही, कारण वडील आजारी आणि उचल तिच्या नावावर फिरलेली. आता एकच विषय राहिला आहे, इंग्रजी. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती भट्टीवर असेल, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर होणाऱ्या पुरवणी परीक्षेला बसणार आहे. मुकादमाशी बोलून मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात परत येते, असा तिने निरोप दिला आहे. मी या वेळी काही वचन दिलेले नाही.

आमचे शिबीर त्याच बारा दिवसांत आहे. लहान मुलांच्या वर्गासाठी चार नावे पुरतील, ओढूनताणून. पण तिच्याबरोबर रोज सकाळी दोन तास आणि रात्री एक तास बसून निबंध, पत्र आणि उताऱ्यावरील प्रश्न करून घेईल, अशी अकरावी-बारावीतील एक मुलगी हवी आहे. दोन मिळाल्या तर उत्तम. तिला मुलग्यांकडून शिकायला संकोच वाटतो, असे तिने स्वतः सांगितले आहे. इंग्रजी फार चांगले असण्याची गरज नाही. स्वतः एकदा इंग्रजीत नापास झालेली असली तरी चालेल.

फॉर्म सोसायटीच्या कार्यालयात संध्याकाळी सात ते नऊ मिळतील. खर्च प्रत्येकाने आपापला करावयाचा आहे. ज्यांना अडचण असेल त्यांनी मला एकट्याला सांगावे. अंथरूण, एक ताट, एक तांब्या आणि स्वतःची कळशी बरोबर आणावी.